फाटकाच्या अलीकडे

द्राक्षमळ्याचं फाटक तिसऱ्यांदा उघडं सापडलं, तेव्हा मळ्याचा राखणदार स्वतःच सायकलींच्या दुकानात येऊन उभा राहिला. या माणसाला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची खोड. एकदा समोरच्यासाठी नि एकदा स्वतःची खात्री पटावी म्हणून.

"आत्याबाई, फाटक उघडं होतं. उघडं होतं फाटक. रानडुकरं शिरली, शिरली रानडुकरं. घडांच्या दोन ओळी साफ. साफ दोन ओळी."

आत्या एका चाकाचा आऊट काढत होती. चाक फिरवायचं, डुगडुगतं कुठं ते बघायचं, तिथला स्पोक आवळायचा, पुन्हा फिरवायचं. तिनं मान वर केली नाही. खरं तर हे ऐकण्याआधीच तिला ठाऊक होतं, कारण फाटक उघडं टाकणारी तीच होती.

"मालकीणबाई काय म्हणाल्या सांगू?" राखणदारानं हनुवटी गळ्यात खुपसली, कमरेवर हात ठेवला आणि आवाज असा काही बारीक केला की गल्ल्यापाशी बसलेले डॉक्टर चहा सांडता सांडता वाचले. "'त्यांना म्हणावं, वाट दिली ती माणुसकीनं दिली. आता अजून एकदा, फक्त एकदा फाटक उघडं राहू दे. कायमचं कुलूप ठोकते की नाही बघा!'" मग तो आपल्या आवाजात परत आला. "कुलूप. कायमचं. कायमचं कुलूप."

"नाही राहणार उघडं," आत्या म्हणाली.

"नाही ना राहणार?"

"आता मीही दोनदा सांगू का, भाऊ?"

राखणदार हसला, गेला. आत्यानं चाक पुन्हा फिरवलं. चाक आता सरळ होतं, पण ती फिरवतच राहिली.

कुलूप म्हणजे काय, हे दुकानात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. शहर संपतं तिथं नदीचा बांध सुरू होतो. बांधावर मुरमाचा रस्ता, मोटारींना बंदी. दहा किलोमीटर नदी नि सपाट शेतं, मग हा द्राक्षमळा, मळ्याच्या वरच्या टोकाला दुसरं फाटक आणि तिथून डोंगराचा पायथा. येताना कालव्याच्या कडेनं दुसऱ्याच बाजूनं घरी. अख्ख्या फेरीत हॉर्न म्हणून कानावर पडत नाही. पडतो तो टायरखाली चिरडणाऱ्या खडीचा आवाज. दर रविवारी पंचवीस-तीस माणसं निघतात. मळ्याची वाट बंद झाली, तर डोंगराकडे जायला उरतो ट्रकांचा हमरस्ता. त्यावर डॉक्टर जाणार नाहीत, बारा वर्षांच्या मुली जाणार नाहीत, आत्याही कुणाला नेणार नाही. म्हणजे फेरीच संपली.

आणि फेरी दादाची होती. दादा म्हणजे आत्याचा थोरला भाऊ. दुकान दोघांचं, दादा तोंड चालवायचा, आत्या पाना. एकोणीस वर्षांपूर्वी तीन माणसं आणि एक हातपंप घेऊन त्यानंच ही फेरी सुरू केली. सगळ्यांत जाडा तोच, सगळ्यांत हळू तोच, आणि नियम करणाराही तोच. सर्वांत पुढं जो चालवेल त्याला त्यानं नाव दिलं 'नाक', सर्वांत मागं जो राहील तो 'शेपूट'. नाकानं रस्ता हुंगायचा, वाळू असेल तर "वाळू!" म्हणून ओरडायचं, आणि ती हाक एकेकानं मागे पोचवायची. शेपटाचं काम एकच: कुणालाही मागे टाकायचं नाही. सर्वांत हळू माणसाच्या मागं राहायचं, तो थांबला तर थांबायचं, आणि सगळे आत गेले की मळ्याचं फाटक लावायचं.

आत्या एकोणीस वर्षं शेपूट होती. पाठीवर हत्यारांची पिशवी, आणि समोर, बहुतेक वेळा, दादाची रुंद पाठ.

आता नाक असते दादाची मुलगी, आत्याची भाची. तिची हाक बापासारखीच. "वाळू" हा दोन अक्षरांचा शब्द ती चार अक्षरांचा करते. बाकी मंडळी एकाहून एक. डॉक्टर कुठल्याही तक्रारीवर थेंब सांगतात. टायर फुटला तरी आधी "कधीपासून होतंय?" असं विचारतात. दुसरा एक गृहस्थ हँडलवर फोन लावून चालवतो आणि चढ आला की घोषणा करतो, "चार टक्के! पाच! साडेसहा टक्के!" त्याचं नाव टक्के पडलं ते पडलंच. पुढं भाची "वाऽऽळूऽऽ", मध्ये टक्के "साडेसहा!", त्यामागं डॉक्टर "दमानं, दमानं", आणि या सगळ्या कल्लोळाच्या मागं, बोलणं ऐकू येईल पण उत्तर द्यावं लागणार नाही इतक्या अंतरावर, आत्या.

तिच्या मागं कुणी नाही. नसायला हवं.

झालं असं की यंदा बांधावर नवा मुरूम टाकला. ताजा, टोकदार, बोलका. त्यावरून पहिल्यांदा गेली त्या रविवारी पुलाच्या पुढं आत्याला मागून सायकल येतेय असं वाटलं. जाड टायरचा, जड माणसाखालचा, सावकाश आवाज. तिनं डावीकडे सरकून वाट दिली. कुणी पुढं गेलं नाही. तिनं मागं पाहिलं. बांध रिकामा; नदीवरचं धुकं अर्ध्या बांधापर्यंत चढलेलं.

तिनं पायडल मारणं थांबवलं. तिची खडी गप्प झाली. मागची खडी दोन हात अंतर आणखी चालली, मग तीही गप्प झाली.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. आत्या काही भित्री बाई नव्हे. सतरा तऱ्हांचे आवाज ओळखण्यावर तिचं पोट चालतं, गिऱ्हाईक दारात सायकल आणतं तेव्हा ते उतरायच्या आधी ती आतून सांगते, "मागचा ब्रेक घासतोय." तिनं याही आवाजाची शहानिशा केली. टायरमध्ये काही अडकलंय का पाहिलं. पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली. एकदा सायकलच बदलली. डॉक्टरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, तर ते म्हणाले, "कानात मळ असेल. दोन थेंब, तीन दिवस." तिनं खरोखर दोन थेंब तीन दिवस घातले. चौथ्या दिवशी आवाज आणखी स्वच्छ ऐकू आला. त्यात धापसुद्धा होती.

आणि मळ्याच्या फाटकापाशी आली की तिचा हात कडीवर जायचा आणि तिथंच राहायचा. सगळे आत गेलेले, भाची पुढून विचारतेय, "शेपूट, झालं?" आणि अलीकडे, बांधाच्या वळणापलीकडे, खडी वाजतेय. येतोय. अजून पोचला नाही. आत्या म्हणायची, "झालं!" आणि फाटक नुसतं लोटून पुढं निघायची. कडी न लावता. नुसतं लोटलेलं फाटक वाऱ्यानंही उघडतं, मग डुकरं काय सोडतील?

ते फाटक असं आहे: कडी फक्त आतून, मळ्याच्या बाजूनं. बाहेरून गजांत हात घालून कुणी काढू नये म्हणून तिच्यावर पत्र्याची पेटी ठोकलेली. राखणदार रविवारी आतून कडी काढतो, बांधावर नाक दिसलं की हात हलवतो आणि वरचं फाटक उघडायला डोंगराकडे निघून जातो. म्हणजे खालचं फाटक एकदा आतून लागलं की बाहेर राहिलेल्या माणसाला ते उघडता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी बाहेर राहिलेला माणूस दादा होता.

त्या दिवशी त्याला धाप जास्त लागत होती. फाटकाच्या अलीकडे अर्धा किलोमीटर असताना पुढून शिट्ट्या आल्या. डॉक्टरांची चेन तुटली होती, हत्यारं आत्याकडे. ती थांबून राहिली. दादा सायकलवरून उतरला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "पुढं हो गं. मी काय पळून जातोय?"

हे तो दर रविवारी म्हणायचा. दर रविवारी ती म्हणायची, "शेपूट पुढं जात नसतं." त्या दिवशी शिट्ट्या थांबेनात, ऊन चढत होतं, आणि खरं सांगायचं तर सतरा वर्षं त्या पाठीमागं चालवून तिलाही एखाद्या दिवशी जोरात पायडल मारावंसं वाटलं असेल. ती गेली. मोकळ्या बांधावरून भन्नाट गेली. फाटकातून आत शिरली, उतरली, फाटक ओढलं, कडी सारली, डॉक्टरांच्या चेनकडे धावली.

हाताला काही सांगावं लागत नाही. शेवटचा माणूस आत आला की फाटक लावायचं, आणि शेवटची नेहमी आत्याच असते. हातानं एवढंच पाहिलं की आत्या आत आली.

चेन जोडली. मंडळी निघाली. दादा दिसेना, तर सगळे म्हणाले, "परतला असेल." तो अधूनमधून परतायचाही. आत्याही तेच म्हणाली. वरच्या फाटकापाशी, डोंगराच्या पायथ्याशी, वारा खात असताना अचानक तिला आपला उजवा हात कडी सारताना दिसला. फोन करावा म्हणून तिनं पिशवीत हात घातला, तर तिथं दोन फोन होते. खिशात घामानं भिजतो म्हणून दादा आपला फोन तिच्याकडेच देत असे.

ती माघारी धावली, पण तिच्या आधीच राखणदाराला तो सापडला होता, भर दुपारी. फाटकाला पाठ टेकून बसलेला. पाण्याची बाटली गजांतून आत सरकवून नीट उभी ठेवलेली, चढून जायच्या आधी माणूस ठेवतो तशी. एक बूट दुसऱ्या आडव्या गजात अडकलेला. डॉक्टर म्हणाले, "हृदयच थकलं होतं. झोपेतही गेले असते." सगळ्यांनी मान डोलावली. फाटक कुणी लावलं, हे कुणी विचारलं नाही. लागलेलं फाटक हे लागलेलंच असायचं असतं, त्यात काय विचारायचं? राखणदारानं फक्त बूट सोडवून आत्याच्या हातात दिला, आणि तेव्हा तो एक शब्दही बोलला नाही.

आत्यानं ते कुणाला सांगितलं नाही. भाचीला तर नाहीच. तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

तर, कुलपाची तंबी मिळाल्यानंतरचा रविवार. भाचीनं निघतानाच सगळ्यांना उभं केलं.

"ऐका. आज फाटक उघडं राहिलं तर फेरी बंद. डुकरांना दोष देऊ नका, त्यांना नियम माहीत नाहीत. आत्या, तू लावशील ना? की टक्केकाकांना देऊ शेपूट?"

"मला?" टक्के म्हणाला. "माझा वेग पाहिलायस का? सरासरी बावीस!"

"म्हणूनच म्हणतेय. जरा शेपटासारखे चाला."

"मी लावते," आत्या म्हणाली.

बांधावर धुकं होतं. हाका मागे आल्या, थांबल्या, पुन्हा आल्या. पूल गेला. पुलानंतर मागची खडी वाजू लागली. आज आवाज जवळ होता. आत्यानं मागं पाहिलं नाही. ती वेग कमी करी, तसा तो कमी होई. एकदा ती हळूच म्हणाली, "आज तरी पटपट चल, दादा," आणि मागून धाप थांबली, जशी हसू आवरताना थांबते.

फाटकापाशी ती पोचली तेव्हा सगळे आत होते. वेलींच्या ओळींमध्ये रंगीत टोप्या पुढं पुढं जात होत्या. भाची तेवढी थांबली होती, एक पाय जमिनीवर.

"ये. लाव."

आत्या उतरली. सायकल फाटकाच्या मधोमध. मागं, वळणापाशी, खडी वाजत होती. हात कडीकडे गेला. तिनं स्वतःलाच बजावलं: मागं कुणी नाही. दोन ओळी द्राक्षं गेली. फेरी जाईल. लाव. हात कडीवर बसला, आणि तिला बाटली दिसली, गजांच्या आत नीट उभी केलेली, नसलेली बाटली.

"आत्या?"

"मला नाही लावता येत."

"कडी अडकतेय? तेल देऊ का?"

"कडीला काही झालेलं नाही." आत्यानं हात काढून घेतला. "त्या दिवशी ही मीच लावली. तुझा बाबा मागं होता. मला ठाऊक होतं तो मागं आहे, आणि मी लावली."

लांबून टक्केची आरोळी आली, "तीन टक्के!" आणि विरली. द्राक्षांच्या पानांवरून पाणी टपकत होतं.

"दोन वर्षं," भाची शेवटी म्हणाली. "दोन वर्षं मी तुझ्या हातचं खातेय, आत्या. रोज विचार करतेय, बाबा आत का नाही आले. परतले का नाहीत. मला वाटायचं, राखणदारानं लावलं असेल. त्याच्याशी मी धड बोलतही नाही."

"त्याला माहितीये."

"त्याला माहितीये!" भाचीचा आवाज फुटला. "सगळं दोनदा बोलतो तो माणूस, आणि हे एकदाही बोलला नाही!"

मग आत्यानं जे सांगितलं ते सायकलविषयी सांगावं तितक्या साध्या आवाजात सांगितलं. "तो येतो. यंदा मुरूम टाकल्यापासून. इथपर्यंत येतो. मी कडी लावली की पुन्हा बाहेर राहील, म्हणून मी लावत नाही. वेड लागलंय म्हण हवं तर."

भाचीनं तिच्या खांद्यावरून बांधाकडे पाहिलं. तिला काय दिसलं, काय ऐकू आलं, कोण जाणे. सायकलचं हँडल मात्र तिनं घट्ट धरलं.

"मग फेरी बंद करायची?"

"नाही." आत्यानं सायकल उचलली आणि मागं घेतली. एक पाऊल, दोन पावलं. पुढचं चाक फाटकाच्या रेषेबाहेर आलं. "तू आतून लाव. मी अलीकडे राहते."

"मी तुला बाहेर ठेवून कडी लावू? मी?"

"मी सांगतेय म्हणून. मी बघतेय, तू बघतेयस. मागं काय राहतंय ते माहीत असून लाव. मी न बघता लावली होती."

"आणि तू?"

"मी त्याला घेऊन घरी जाते. त्याच्या चालीनं."

भाचीच्या चेहऱ्यावर राग होता, तो गेला नाही, जाण्यासारखा नव्हताच. ती फाटकापाशी आली, गजांच्या पलीकडे उभी राहिली आणि म्हणाली, "फोन दाखव."

"काय?"

"फोन, आत्या. तुझ्याजवळ आहे का, चालू आहे का. दाखव."

आत्यानं पिशवीतून फोन काढून दाखवला. भाचीनं तो तिथल्या तिथं लावून पाहिला. वाजला.

"घरी पोचलीस की कळव. नाही कळवलंस तर डोंगर सोडून खाली येईन, आणि मग काय बोलेन ते माझं मला माहीत नाही. आपलं बोलणं संपलेलं नाही."

"नाहीच संपलेलं."

भाचीनं फाटक ओढलं. कडी सारली. लोखंड लोखंडावर आपटलं, पत्र्याची पेटी दणाणली, आणि कुठंतरी वरच्या बाजूला एक पक्षी ओरडत उडाला. तिनं एकदा हलवून पाहिलं. पक्कं. मग ती सायकलवर बसली आणि वेलींमधून पुढं गेली, आधी सावकाश, मग जोरात, कारण नाक पोचल्याशिवाय वरच्या फाटकातून कुणी बाहेर पडत नाही.

आत्या कडीच्या चुकीच्या बाजूला एकटी उभी राहिली. इथून गजांतून मळा वेगळाच दिसत होता. ओळी जवळ, आणि तरी पोचता न येण्याजोग्या. दादानं शेवटी हेच पाहिलं असणार. तिनं आडव्या गजाला हात लावला. थंड होता, ओला होता. तिनं तो बराच वेळ धरून ठेवला.

वळणापाशी खडी वाजली आणि थांबली.

तिनं सायकल फिरवली. धुकं आता नदीवर उतरलं होतं आणि बांध लांबपर्यंत दिसत होता, दोन्ही बाजूंना गवत, मध्ये पांढरट मुरूम, त्यावर कुणी नाही. ती बसली, निघाली. वळण ओलांडलं, आणि तिच्या ध्यानात आलं की मागं आता काहीच वाजत नाही. आवाज पुढून येत होता. घराकडे तोंड केल्यावर मागचा पुढं झाला होता, आणि ती पुन्हा शेवटची.

जड, सावकाश, जरा डावीकडे झुकणारी चाल. पायडलच्या दोन फेऱ्या, मग उसंत. आत्यानं गिअर खाली घेतला. इतकं हळू चालवणं अवघड असतं. तोल सांभाळताना खांदे दुखू लागतात. एक म्हातारा कुत्र्याला घेऊन समोरून आला आणि तिच्या रिकाम्या वाटेकडे पाहून म्हणाला, "अहो, जा की पुढं, वाट मोकळी आहे!"

"नाही, ठीक आहे," आत्या म्हणाली.

कुत्रं मात्र तिच्यापासून दहा पावलं पुढं, बांधाच्या मध्यावर कशाला तरी वळसा घालून, गवतातून गेलं.

पुलाच्या अलीकडे छोटा चढ आहे, टक्केच्या हिशेबानं जेमतेम दोन. तिथं पुढची खडी वाजायची थांबली. धाप ऐकू येत होती. आत्यानं ब्रेक दाबले, एक पाय मुरमावर टेकवला, आणि त्याचा दम परत येईपर्यंत तिथं उभी राहिली.